दळण, ओवी आणि रॅप: कॉलेजच्या म्युझिक व्हिडिओसाठी आणि कव्हरसाठी सल्ला हवा

रंकाळ्याचा_वारा | १४ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही चौघं कोल्हापुरात मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सप्टेंबरअखेर प्रोजेक्ट द्यायचाय: एक म्युझिक व्हिडिओ, त्याच गाण्याच्या अल्बमचं कव्हर, आणि दोन्हींमागच्या संशोधनाची फाईल. गाणं आमचंच आहे, नाव 'दळण'. एका मित्रानं रॅप लिहिलंय. सुरुवातीला त्याच्या आजीची जात्यावरची ओवी आहे. आजी कागल तालुक्यातल्या, वय ७८, आवाज अजून खणखणीत. गाण्याची लांबी ३ मिनिटं ३६ सेकंद, त्यातली पहिली २४ सेकंद ओवी.

आत्तापर्यंत झालेलं काम: संदर्भासाठी ४६ चित्रं जमवलीत. बीट (रॅपमागचं तयार संगीत) इंटरनेटवरून उतरवलाय, 'फ्री' लिहिलेला. लोकेशनं ठरलीत: पंचगंगा घाट, रंकाळा, पन्हाळा, एसटी स्टँड आणि एक ड्रोन शॉट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शूट. बजेट १२ हजार, त्यातले ४ हजार स्मोक बॉम्ब आणि ड्रोनला.

स्टोरीबोर्ड अजून कोरा आहे. बसलं की भांडणंच होतात. कुठून सुरुवात करू?

---

बेसूर | १५ जून, सकाळी ७:०५

एक बाळबोध शंका. घाट, रंकाळा, पन्हाळा, एसटी स्टँड. गाणं दळणाचं आहे की कोल्हापूर दर्शनाच्या बसचं?

---

रंकाळ्याचा_वारा | १५ जून, सकाळी ७:३०

😄 लागलं भावा. पण मग नुसतं जातं दाखवून साडेतीन मिनिटं कशी भरायची?

---

घाटावरची | १५ जून, सकाळी ९:१२

मी पंचगंगेच्या काठावरच वाढले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घाटावर पंचगंगा असते, तुम्ही नसता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. घाटाच्या पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पन्हाळ्याला त्या दिवसांत धुकं इतकं की मित्राच्या जागी भूत उभं केलं तरी परीक्षकांना कळायचं नाही. शिवाय संरक्षित किल्ला आहे, कॅमेरा-ट्रायपॉड घेऊन शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. एसटी स्टँडवर महामंडळाची. ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण विमानतळाभोवतीचे पट्टे त्यालाही चुकत नाहीत, आणि आपल्याकडे उजळाईवाडीचं विमानतळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी बघा.

त्यापेक्षा हे सांगा, तुमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे का? तिथं एकदा नुसते जाऊन उभे राहा, कॅमेरा न घेता. संध्याकाळी सहाला, सगळे डबे घेऊन येतात तेव्हा.

---

खडू_फळा | १५ जून, दुपारी २:४८

मी हाच विषय शिकवते (तुमच्या कॉलेजात नाही, घाबरू नका). ४६ चित्रांबद्दल बोलते, कारण दरवर्षी हेच बघते. मुलं चित्रं गोळा करतात, फाईल जाडजूड होते, आणि तोंडी परीक्षेत "हे का निवडलं?" विचारलं की "व्हाइब आवडली" एवढंच उत्तर येतं.

सगळी फेकून द्या. त्याऐवजी तीन व्हिडिओ निवडा, शक्यतो एक तुम्हाला अजिबात न आवडणारा. प्रत्येकाची पहिली ६० सेकंदं घ्या आणि शॉट मोजा: किती शॉट, सगळ्यांत लांब कोणता, चेहरा किती वेळा जवळून येतो, कट ठेक्यावर पडतो की ठेक्याच्या आधी. कागदावर पेन्सिलीनं. एक तास लागतो, आणि त्या तासात जे कळतं ते ४६ चित्रांत नसतं.

सिद्धांत हवाच असेल तर अँड्र्यू गुडविन यांचं १९९२ चं म्युझिक व्हिडिओवरचं काम घ्या. त्यातला एक मुद्दा तुमच्या फारच कामाचा आहे: चित्राचं शब्दांशी नातं काय? चित्र शब्द जसेच्या तसे दाखवतं, की त्यांत भर घालतं, की त्यांना सरळ फाटा देतं? 'दळण' या शब्दावर जातं दाखवलं, तर नुसतं दाखवणं झालं. आईनं होस्टेलवर पाठवलेला पिठाचा डबा दाखवला, तर भर पडली. रात्रपाळीत हेडफोन लावून तेच ते वाक्य शंभरदा बोलणारी मुलगी दाखवली, तर फाटा दिला, आणि 'दळण दळणं' या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थही आला. तिन्ही चालतात. फक्त कुठल्या कडव्याला काय, ते तुम्ही ठरवलेलं असावं, आपोआप झालेलं नसावं.

आणि तो गुगल फॉर्म केला असेल तर खोडा. "तुम्हाला लोकसंगीत आवडते का? हो / नाही" याला सगळे "हो" म्हणतात. त्यातून काहीही कळत नाही.

---

रंकाळ्याचा_वारा | १५ जून, दुपारी ३:१०

मॅडम, फॉर्ममध्ये अगदी तोच प्रश्न होता. ८२ जणांनी भरला. ८१ हो.

---

बेसूर | १५ जून, दुपारी ३:११

त्या एकाला शोधा. तोच खरा श्रोता.

---

लेस्टरकर | १५ जून, सायंकाळी ६:२५

अवांतर. माझ्या मुलीनं इथं इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला (आपली अकरावी-बारावी) मीडिया घेतलं होतं तेव्हा त्यांना हेच होतं: म्युझिक व्हिडिओ, सीडीचं घडीचं कव्हर आणि मासिकातली जाहिरात, तिन्ही मिळून एक पॅकेज. तिला सर्वांत जास्त झापलं गेलं ते व्हिडिओ आणि कव्हर दोन वेगवेगळ्या बँडचे वाटतात म्हणून. व्हिडिओ निळा-करडा, कव्हर भगभगीत पिवळं. दोन्हींत एक तरी गोष्ट सारखी ठेवा. रंग, वस्तू, अक्षर, काहीही.

---

मात्रामोजे | १५ जून, रात्री १०:५०

मी तबला वाजवतो आणि पोटासाठी एडिटिंग करतो. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

तुमचं भांडण होतं कारण तुम्ही 'सीन' ठरवताय. गाण्यात सीन नसतात, आवर्तनं असतात. बीटचा वेग काय आहे? समजा १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके). म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंद. आठ मात्रांचं एक आवर्तन ४.८ सेकंद. ओवीची २४ सेकंदं सोडली तर १९२ सेकंदं उरतात. १९२ भागिले ४.८ म्हणजे बरोबर ४० आवर्तनं.

आता वहीचं पान आडवं धरा, ४० ओळी पाडा. प्रत्येक ओळीत त्या आवर्तनात येणारे शब्द लिहा आणि समोर एकच चित्र. शब्दात लिहा, चित्रकला येत नसली तरी चालेल: "पट्टा फिरतोय", "आजीचा हात", "डबा खाली ठेवला". काही ओळी रिकाम्या राहतील, राहू द्या. मग ठिकाणाप्रमाणे ओळींना रंग द्या. आता दिसेल की पन्हाळ्याच्या वाट्याला दोनच ओळी येतायत आणि त्यासाठी तुम्ही अख्खा दिवस आणि गाडी घालवणार होता. हाच तुमचा स्टोरीबोर्ड, हेच शेड्युल आणि हेच बजेट.

मोबाईलवर शूट करणार असाल तर ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) वरून २५ वर आणा. दोन कारणं. एक, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. गिरणीतल्या ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर चित्र शांत राहतं, १/६० ठेवलं तर लाटा येतात. दुसरं, २५ एफपीएसला तुमची एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची होते. कट कुठं मारायचा हे मोजून सांगता येतं, अंदाजानं नाही. मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमरेट मधेच कमीजास्त करतो, मग दोन मिनिटांनंतर ओठ आणि आवाज एकमेकांना सोडून देतात. फ्रेमरेट पक्का धरून ठेवणारं ॲप वापरा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० एफपीएसला शूट करा आणि शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवा. नंतर २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की हालचाल संथ आणि ओठ बरोबर. पण हे ध्रुवपदाला करा. रॅपरला दुप्पट वेगात रॅप करायला लावलंत तर जिभेला गाठ पडेल.

लिपसिंक तुकड्यातुकड्यांत घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी पूर्ण गाणं सलग, आधी आठ मात्रा मोजून.

आणि एक कळकळीची विनंती. आजींच्या कानात क्लिक (तालाची यांत्रिक टकटक) घालू नका. मी एकदा केलंय हे पाप. एका मावशींना इयरफोन लावून मेट्रोनोमवर भूपाळी म्हणायला लावली. त्या इतक्या सांभाळून म्हणायला लागल्या की भूपाळीतली पहाटच गेली, पाढे म्हटल्यासारखं झालं. ओवीचा ताल जात्याच्या फेऱ्यात असतो आणि वैरण (मूठभर दाणे) घालताना तो थांबतो. तो थांबा गाण्यात ठेवा. ओवी संपू दे, जातं एक फेरा रिकामं घरघरू दे, त्यावर बीट येऊ दे.

---

घाटावरची | १५ जून, रात्री ११:०२

मात्रामोजे, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

---

सनातनी_सोनू | १६ जून, सकाळी ८:४०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. ओवी ही पवित्र गोष्ट आहे. पहाटे देवाचं नाव घेत दळण करणाऱ्या माउल्यांच्या ओवीला रॅपचा धांगडधिंगा जोडणं पटलं नाही. सगळ्याचं फ्यूजन केलंच पाहिजे का?

---

चुलीपुढची | १६ जून, सकाळी १०:१५

सोनूभाऊ, माझी आई जात्यावर बसायची. विठ्ठल असायचाच, पण सासूचं उणंदुणं, नणंदेचे टोमणे, दारू पिऊन आलेला नवरा हेही असायचं. घरात जे बोलायची सोय नव्हती ते जात्याच्या घरघरीत बोललं जायचं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. त्यात डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. ऐका एकदा. तक्रार, टोमणा, स्वतःचं नाव गुंफणं, जागेवर जुळवणं, हे सगळं त्या बायका करत होत्या. मला तर मुलांचं रॅप सोज्वळ वाटेल अशी भीती आहे.

धागाकर्त्या, संशोधनाच्या फाईलमध्ये हे घाल. तुझ्या ४६ चित्रांत एकही ओवी नाही.

---

कायद्याचं_बोला | १६ जून, दुपारी १२:३०

ओवीवरून चर्चा रंगू द्या, मी त्या 'फ्री' बीटकडे वळतो. त्या पानावर खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय?

---

रंकाळ्याचा_वारा | १६ जून, दुपारी १२:५५

"फ्री फॉर नॉन-प्रॉफिट युज, लीज हवं असल्यास संपर्क करा." आणि बीटमध्ये दर थोड्या वेळानं एक बाई निर्मात्याचं नाव कुजबुजते. आम्ही ती एडिटमध्ये काढणार होतो. शिवाय ध्रुवपदाला बहिणाबाई चौधरींच्या दोन ओळी घ्यायचा विचार आहे. तेही चालणार नाही का?

---

कायद्याचं_बोला | १६ जून, दुपारी ४:२०

ती बाई काढलीत तर दुसऱ्या दिवशी तिचा वकील कुजबुजेल.

गाणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं तीन वेगळ्या वस्तू: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. वर्गात शिकण्याशिकवण्यापुरती कायद्यात थोडी सूट आहे. यूट्यूबवर टाकलंत की ती सूट संपली. तुम्ही अल्बमचं कव्हर करताय म्हणजे कुठेतरी प्रसिद्ध करणारच. तेव्हा बीट स्वतः करा. मित्राला डफ वाजवता येतो? गिरणीच्या पट्ट्याचा आवाज रेकॉर्ड करता येतो? मग झालं.

बहिणाबाईंचं उदाहरण छान आहे, सविस्तर सांगतो. त्या १९५१ मध्ये गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पण त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये. मरणोत्तर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे २०१२ अखेर मुदत संपली, शब्द आता सगळ्यांचे. पण तुमच्या डोक्यात त्या ओळी ज्या चालीत वाजतायत ती चाल कुण्या संगीतकाराची आहे. शब्द घ्या, चाल घेऊ नका.

पारंपरिक ओवीच्या शब्दांवर कुणा एकाची मालकी नाही. पण आजींनी ती गायली की त्या कलाकार. कलाकाराचे हक्क ५० वर्षांचे असतात. त्यांच्याकडून साध्या मराठीत एक पान लिहून घ्या: काय रेकॉर्ड केलं, कुठं वापरणार, पैसे आलेच तर त्यांचा वाटा किती. वाचून दाखवा, मग सही. तुम्ही चौघंही आपसांत असंच एक पान करा. हक्क देण्याघेण्याचा करार लेखी नसेल तर तो करारच नाही. आणि त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कायदा धरून चालतो. आज तुम्ही जिवलग आहात म्हणून हे आजच करायचं.

---

रंकाळ्याचा_वारा | २८ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतोय.

घाटावरची ताई म्हणाल्या तसं गिरणीत जाऊन उभे राहिलो. तीन संध्याकाळी. आता पन्हाळा, घाट, ड्रोन सगळं कटाप. ४० ओळींच्या वहीत गिरणीला २२, आजीच्या घराला ११, होस्टेलच्या खोलीला ५, दोन रिकाम्या. बीटचा पाया गिरणीचाच आहे. पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना 'टक्' करतो, तो घेतलाय. त्यावर डफ.

कव्हरचा पहिला मसुदा: जातं बरोबर वरून. काळा गोल दगड, मधे भोक, भोवती पांढरं पीठ. ग्रामोफोनच्या तबकडीसारखं दिसतं म्हणून आम्ही जाम खूष आहोत. कसं वाटतं?

---

आडवा_कागद | २८ जून, रात्री ९:५८

मी मुद्रितं तपासत आणि मुखपृष्ठं करत आयुष्य काढलंय. तुमचं चित्र मोबाईलवर नखाएवढं करून पाहिलं. मेदूवडा दिसतोय. पिठामुळे चटणीसकट.

---

बेसूर | २८ जून, रात्री १०:००

आता मला दुसरं काही दिसेचना.

---

रंकाळ्याचा_वारा | २८ जून, रात्री १०:०४

आई शप्पथ. तुम्ही लोक लई वाईट आहात.

---

आडवा_कागद | २८ जून, रात्री १०:४०

वाईट वाटून घेऊ नकोस. जातं आणि तबकडी हे साम्य पहिल्या झटक्यात सुचतं, म्हणजे ते इतर दहाजणांनाही सुचलेलं असतं. १९४० च्या आसपास अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड्सच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानं कव्हरवर चित्र छापायचा आग्रह धरला, तोवर बहुतेक तबकड्या साध्या वेष्टनात विकल्या जात. पुढं एलपीचं कव्हर फूटभर रुंदीचं झालं, हातात धरून वाचता यायचं. सीडीला १२ सेंटीमीटर उरले. आता पहिली भेट नखाएवढ्या चौकोनात होते. आधी नखाएवढं कर, मग मोठं कर. नऊ दुसऱ्या कव्हरांत तुझं ठेव, गल्लीतल्या कुणालाही तीन सेकंद दाखव आणि विचार, काय काय होतं? त्या ८२ जणांच्या फॉर्मपेक्षा हे बरं.

आता तांत्रिक. डिजिटलसाठी ३००० बाय ३००० पिक्सेल, चौरस, आरजीबी (पडद्यासाठीचे रंग). कव्हरवर फोन नंबर, किंमत, संकेतस्थळाचा पत्ता घालू नकोस, स्ट्रीमिंगवाले परत पाठवतात. परीक्षेला छापून द्यायचं तर सीएमवायके (छपाईचे चार रंग), चारी बाजूंना तीन मिलिमीटर जादा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). म्हणजे सीडीच्या आकाराला, ते जादा मिलिमीटर धरून, साधारण १४९० पिक्सेल पुरतात, पण मूळ मोठंच ठेव.

देवनागरीसाठी खास सूचना. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर मराठी टाकण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू कर, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. एका भजनी मंडळाच्या सीडीची पाचशे कव्हरं मी छापून आणली होती. माझ्या पडद्यावर 'दिंडी' ठीक होती. छापखान्याच्या मशीनवर फाईल उघडली आणि वेलांटी एक अक्षर सरकली. पाचशे वेळा. बुवा म्हणाले, "असू दे, पांडुरंगाला कळतं." त्यानंतर मी छापखान्यात अक्षरांचे आकार बाह्यरेषेत बदलल्याशिवाय फाईल पाठवलेली नाही. फॉन्ट हवाच तर 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) घे, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत.

पण मला विचारशील तर फॉन्ट नकोच. तीन संध्याकाळी गिरणीत उभा होतास ना? तिथं अक्षरं नव्हती?

---

जुनी_पेठ | २९ जून, सकाळी ६:५०

कोल्हापूरच्या पोरांना अक्षरं आणि चित्रं कुठं शोधायची हे बाहेरच्यांनी सांगायची वेळ यावी! बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत सिनेमाकडे आले. बाबूरावांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचं पोस्टर देशातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सिनेपोस्टरांत मोजतात. 'प्रभात' पुण्याला गेली १९३३ मध्ये, पण १९२९ मध्ये जन्मली आपल्या गावात. फाईलमध्ये परदेशी कव्हरांची दहा पानं असतील तर या माणसाला दोन तरी द्या.

आणि गिरणीत स्मोक बॉम्ब लावायचा विचार अजून कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. हवेत तरंगणारं पीठ ठिणगीनं भडकतं. धूर हवाच तर शेजारच्या खिडकीतून ऊन येईपर्यंत थांबा, पीठ स्वतःच धूर करतं.

---

रंकाळ्याचा_वारा | २९ जून, सकाळी ११:२०

डबे!!!

आडवा_कागद काका, डबे. गिरणीत ओळीनं पत्र्याचे डबे ठेवलेले असतात आणि प्रत्येकावर ऑइलपेंटनं नाव. कुणाचं लाल, कुणाचं निळं. कुणी नुसतं आडनाव लिहिलंय, कुणी "गव्हाचा", एकावर वरचा तांबडा रंग अर्धवट उडून जुन्या भाडेकरूचं नाव खालून दिसतंय. रोज बघतोय आणि दिसलंच नाही.

कव्हर: एक डबा, समोरून, फ्रेम भरून. त्यावर हातानं लिहिलेलं 'दळण'. वरून थोडं पीठ सांडलेलं. नखाएवढं करून पाहिलं. डबाच दिसतो, आणि नाव वाचता येतं. गल्लीतले एक पेंटरकाका दुकानांच्या पाट्या करायचे, आता फ्लेक्समुळे काम नाही. ३०० रुपये सांगितले आणि शिरोरेषा कशी ओढायची यावर अर्धा तास भाषण फुकट दिलं. आधी पूर्ण शिरोरेषा, मग खाली अक्षरं लटकवायची म्हणे.

---

आडवा_कागद | २९ जून, सकाळी ११:४५

आता कसं. व्हिडिओतही तोच डबा होस्टेलपर्यंत जाऊ दे. लेस्टरकरांची अट पूर्ण होते.

---

मात्रामोजे | २९ जून, दुपारी १:३०

तो मेदूवडा फुकट घालवू नका. स्पॉटिफायवर गाण्यामागे ३ ते ८ सेकंदांची उभी फिरती चित्रफीत लावता येते. जातं वरून, फिरताना, पूर्ण फेऱ्यावर कापलं की सांधा दिसणार नाही. स्थिर असताना वडा, फिरताना जातं.

---

रंकाळ्याचा_वारा | २ ऑगस्ट, रात्री १२:१०

शूट झालं. गिरणी दोन दिवस, आजीचं घर एक दिवस. पाऊस मरणाचा. एकूण खर्च ९ हजार ४००, त्यात भज्यांचे १,१०० आहेत, हिशेब कुणी विचारू नये.

गिरणीत गाणं वाजवलेलं रॅपरला ऐकूच येईना, मोटारच एवढी. शेवटी एका कानात इयरफोन घालून तो कान कॅमेऱ्यापासून लपवला. सगळे शॉट डावीकडूनच आहेत, फाईलमध्ये त्याला "जाणीवपूर्वक निवड" म्हणू.

पण आजींचं सांगायला आलोय. आम्ही म्हटलं, आधी फक्त जातं फिरवून दाखवा, लाइट लावतो. त्या खुंट्याला हात लावायला तयार नाहीत. "रिकामं जातं फिरवायचं नसतं." मग मित्राच्या काकूनं दोन किलो जोंधळे आणून दिले. आजींनी बैठक मारली, एक पाय लांब केला, पदर खोचला. डाव्या हातानं मूठभर वैरण सोडली, आणि जातं फिरायला लागल्याबरोबर खोलीतला आवाजच बदलला. मी हेडफोन लावून बसलो होतो, आधी ती घरघर पोटात जाणवली, मग ओवी. वैरण संपत आली की घरघर वरच्या सुरात जाते, आणि त्या न बघता पुढची मूठ सोडतात.

सहा टेक घेतले. घोळ असा की प्रत्येक टेकला ओवी वेगळी. जुळवून घेऊ म्हटलं तर कसलं जुळतंय. पाचव्या टेकला तर ही:

दळण दळू लागे, माज्या दारी क्यामेरावाला
न्हाई जेवला सकाळचा, त्येला वाढा गं भाकर-काला

मी खरंच जेवलो नव्हतो. टेकमध्ये शेवटी माझं हसू आलंय, पण आम्ही हीच ठेवतोय. ठरलेली ओवी काढली. त्या पिठाच्या भाकरी संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ल्या.

---

चुलीपुढची | २ ऑगस्ट, सकाळी ७:२०

सोनूभाऊ, वाचताय ना?

---

सनातनी_सोनू | २ ऑगस्ट, सकाळी ९:०५

वाचतोय. व्हिडिओ आला की लिंक द्या.

---

कायद्याचं_बोला | २ ऑगस्ट, सकाळी १०:३०

थांबा. श्रेयनामावलीत ओवीपुढे "पारंपरिक" लिहिलंय का?

---

रंकाळ्याचा_वारा | २ ऑगस्ट, सकाळी १०:४१

हो. पेंटरकाकांनी डब्याच्या मागच्या बाजूला नावं लिहिलीत, तेच मागचं कव्हर आहे. "ओवी: पारंपरिक".

---

कायद्याचं_बोला | २ ऑगस्ट, सकाळी १०:५५

पारंपरिक कशी? तुझ्या रिकाम्या पोटावर परंपरेत ओवी असायचं कारण नाही. ती आजींनी त्या क्षणी रचली. गीतकार त्या, गायिका त्या. आधीच्या कागदावर फक्त गायनाचं लिहून घेतलं असशील तर आता शब्दांचंही लिहून घे, वाट्यासकट.

---

रंकाळ्याचा_वारा | ३ ऑगस्ट, रात्री ८:३०

जाऊन आलो. कागद वाचून दाखवला. वाट्याचं ऐकून हसल्या, "मला काय करायचंय पैशाचं" म्हणाल्या, मग थांबून "किती?" असंही विचारलं. सही केली, एकेक अक्षर सुटं.

नाव कसं लिहायचं विचारलं तर म्हणाल्या, माहेरचं लिहा. ओव्या आईकडनं शिकले, सासरचं नाव कशाला त्यात.

मित्राला आजीचं माहेरचं आडनाव माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांनाही आठवायला वेळ लागला.

पेंटरकाका उद्या सकाळी येतायत. "पारंपरिक" टर्पेंटाइननं पुसायचं की वरून रंग मारून लिहायचं, यावर चौघांत पुन्हा भांडण चालू आहे.

---

आडवा_कागद | ३ ऑगस्ट, रात्री ८:५२

वरून मारा. खालचं थोडं दिसू दे. गिरणीतल्या त्या भाडेकरूच्या डब्यासारखं.